स्पॅनिश क्रियापदांत जोर कुठे पडतो आणि तिरकी रेघ कधी लागते?

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात स्पॅनिश शिकते, दुसरी पातळी चालू आहे. क्रियापदांची रूपं पाठ आहेत, पण स्वरावरची तिरकी रेघ कधी द्यायची हे लिहिताना कळत नाही. बोलताना 'मी बोलते' आणि 'तो बोलला' या दोन्हींना तोंडातून सारखंच 'आब्लो' जातं. शब्दाचे सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) पाडायचे नियम वाचलेत, तरी जोर चुकतो. शिवाय संभाषणाच्या तासाला येणाऱ्या बाई अर्जेंटिनाच्या आहेत. 'मला सांग' याला त्या 'कोन्तामे' म्हणतात, पुस्तकात 'क्वेन्तामे' आहे. याला काही सूत्र आहे, की सगळं घोकायचं?"

सूत्र आहे, पण ते रेघेत शोधू नका. रेघ सगळ्यात शेवटी येते. बहुतेक विद्यार्थी रूप पाठ करतात आणि त्यावर रेघ आहे की नाही हेही पाठ करतात, म्हणजे दुप्पट घोकंपट्टी होते आणि बोलताना त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. स्पॅनिश नामाचा जोर त्या त्या शब्दासोबत लक्षात ठेवावा लागतो. क्रियापदाचा जोर मात्र काळासोबत येतो. काळ कळला की जोर कळतो, जोर कळला आणि सिलॅबल नीट पाडता आले की रेघ आपोआप ठरते. हा क्रम धरून चला.

खाली स्पॅनिश रूपं देवनागरीत लिहिते. ज्या सिलॅबलवर जोर आहे त्याच्या स्वरापुढे ऽ असेल आणि सिलॅबलांच्या मध्ये छोटी आडवी खूण. 'एच' अक्षराचा उच्चार होत नाही आणि 'व्ही' हे 'ब'सारखंच उच्चारलं जातं, हे तुम्हाला माहीत आहेच. तर 'मी बोलते' म्हणजे आऽ-ब्लो आणि 'तो बोलला' म्हणजे आ-ब्लोऽ. हा ऽ गाण्यातल्यासारखा ताणायचा नाही. तो सिलॅबल जरा लांब, जरा उंच आणि ठसठशीत, इतकंच. बाकीचे स्वर मात्र पूर्ण उच्चारायचे. इंग्रजीत बिनजोराचा स्वर गिळला जातो तसं इथे होत नाही, आणि मराठी जिभेला ते मुळातच जमतं.

आपल्याला अडचण येते ती दुसऱ्या ठिकाणी. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान त्याकडे लक्ष देत नाही. वर आपली सवय अशी की व्यंजनाने बंद झालेला सिलॅबल जड वाटतो आणि जोर तिकडे सरकतो. शाळेत लघु-गुरू मोजताना जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायला शिकलो, तीच जाण इथे आड येते. वर्गात 'ते बोलतात' हे रूप आ-ब्लाऽन असं ऐकू येतं आणि 'ते खातात' हे को-मेऽन. शेवटचा 'न' जोर ओढून घेतो. बरोबर उच्चार आऽ-ब्लान आणि कोऽ-मेन. या दोन शब्दांवर एक अख्खा तास घालवावा लागला तरी मी घालवते, कारण ही एक सवय मोडली की वर्तमानकाळातल्या बहुतेक चुका जातात.

दुसरी अडचण लिपीची. देवनागरीत नोंदी काढणाऱ्या सगळ्यांनीच हे नीट वाचावं. आपण कान्तो लिहितो तेव्हा डोळ्यांना का आणि न्तो असे दोन भाग दिसतात. स्पॅनिश सिलॅबल मात्र कान-तो असे पडतात. एस्तार हा ए-स्तार नाही, एस-तार आहे. ओब्तेनेर हा ओब-ते-नेर आहे. उलट आब्लारमधला 'ब्ल' खरोखरच एकत्र राहतो: आ-ब्लार. म्हणजे लिपीतलं जोडाक्षर कधी स्पॅनिश सिलॅबलशी जुळतं, कधी नाही. नियम सोपा आहे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असतील तर एक मागे, एक पुढे. अपवाद त्या जोड्यांचा, ज्यांत दुसरं व्यंजन 'र' किंवा 'ल' आहे आणि पहिलं प, ब, क, ग, फ यांपैकी आहे. 'त्र' आणि 'द्र'सुद्धा याच गटात. या जोड्या फुटत नाहीत: आ-ब्रीऽर, एस-क्रि-बीऽर, कोम-प्राऽर. 'त्ल' मेक्सिकोत एकत्र राहतो, स्पेनच्या बऱ्याच भागात फुटतो, पण क्रियापदांत तो फारसा भेटत नाही. चांगला अपवाद पाहायचा असेल तर 'अधोरेखित करणे' या अर्थाचं क्रियापद घ्या: सुब-रा-याऽर. इथे 'सुब' हा उपसर्ग असल्यामुळे 'ब' आणि 'र' वेगळे उच्चारले जातात आणि 'र' खणखणीत येतो.

ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा: हे तुकडे शब्दाच्या सीमा पाळत नाहीत. 'ते बोलणार आहेत' हे लिहिताना तीन शब्द, बान, आ, आब्लार. ऐकू येतात बा-ना-ब्लाऽर असे तीन सिलॅबल. विद्यार्थी म्हणतात की स्पॅनिश लोक फार भरभर बोलतात. पुष्कळदा अडचण वेगाची नसून या जोडणीची असते.

खरी मेख स्वरांत आहे. आ, ए, ओ हे बळकट स्वर. इ, उ हे दुबळे. दोन बळकट स्वर शेजारी आले तर दोन सिलॅबल: ले-एऽर. दुबळा स्वर बिनजोराचा असेल तर तो शेजारच्या स्वरात मिसळून एकच सिलॅबल होतो. दुबळ्यावरच जोर आला आणि शेजारी बळकट स्वर असेल, तर दोघे फुटतात, आणि मग बाकीचे नियम काहीही म्हणोत, त्या दुबळ्या स्वरावर रेघ येतेच. हे जवळून पाहायला 'खाणे' क्रियापदाची दोन रूपं घेऊ. 'त्याने खाल्लं': को-म्योऽ, सिलॅबल दोन. 'तो खात असे': को-मीऽ-आ, सिलॅबल तीन. स्पॅनिश लिखाणात पहिल्यात 'आय' (i) आणि 'ओ' (o), दुसऱ्यात 'आय' (i) आणि 'ए' (a) अशी शेजारी शेजारी अक्षरं दिसतात आणि फरक चटकन कळत नाही. देवनागरीत एकदा 'म्यो' असं जोडाक्षर येतं, दुसऱ्यांदा 'मी' आणि 'आ' सुटे. इथे आपली लिपी मदतीला येते. म्हणून नोंदी काढताना जिथे स्वर मिसळतो तिथे य किंवा व वापरून जोडाक्षर लिहा, जिथे फुटतो तिथे सुटं लिहा.

याच नियमाने काही न पटणाऱ्या रेघा पटतात. 'ऐकणे' म्हणजे ओ-ईऽर. 'आर'ने संपणाऱ्या शब्दाचा जोर एरवी रेघेशिवायही शेवटीच धरतात, मग रेघ का? कारण फुटलेला दुबळा स्वर. ले-ईऽ-दो (वाचलेलं), रे-ईऽर (हसणे) यांचंही तेच. 'एच' मध्ये आला तरी फरक पडत नाही, त्याला उच्चारच नाही: प्रो-ईऽ-बे (मनाई करतो) यावर रेघ लागते. 'एकत्र करणे' या क्रियापदाचं 'मी' रूप रे-ऊऽ-नो, रेघेसह. 'आम्ही' रूप रेउ-नीऽ-मोस, रेघ नाही, कारण जोर पुढे सरकला आणि 'उ' पुन्हा 'ए'ला चिकटला. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा: इ आणि उ हे दोन दुबळे स्वर शेजारी आले तर लेखनाच्या नियमात ते नेहमी एकच सिलॅबल धरतात. म्हणून 'बांधलेलं' या अर्थाचं कोन्स-त्रुइऽ-दो बिनरेघेचं आणि ले-ईऽ-दो रेघेचं. प्रत्यय एकच, वागणूक वेगळी. पेपरात हमखास चूक होते ती इथेच.

आता रेघेचा मूळ नियम. शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर. इतर व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्यावर. उच्चार याला सोडून गेला की रेघ. एन आणि एस यांनाच ही सवलत का, हे क्रियापदं पाहिली की कळतं. 'तो बोलतो' आऽ-ब्ला, 'तू बोलतोस' आऽ-ब्लास, 'ते बोलतात' आऽ-ब्लान. पुरुष आणि वचन दाखवणारे हे प्रत्यय, जोराला धक्का न लावता मागे जोडले जातात. नामाचं अनेकवचनही एसनेच होतं. नियम असा नसता तर जवळजवळ प्रत्येक क्रियापदावर रेघा द्याव्या लागल्या असत्या.

आता काळ. वर्तमानात मी, तू, तो, ते या चार रूपांत जोर धातूवर असतो आणि आम्ही, तुम्ही या दोन रूपांत तो प्रत्ययावर उतरतो: आऽ-ब्लो, आऽ-ब्लास, आऽ-ब्ला, आऽ-ब्लान, पण आ-ब्लाऽ-मोस, आ-ब्लाऽइस. तुम्ही 'अनियमित' म्हणून पाठ केलेली पुष्कळशी क्रियापदं इथे नियमित होतात. 'शकणे'चं प्वेऽ-दो, प्वेऽ-देस, पण पो-देऽ-मोस. लॅटिनमधला ऱ्हस्व 'ओ' जोराखाली आला तेव्हा स्पॅनिशमध्ये फुटून 'वे' झाला, ऱ्हस्व 'ए' फुटून 'ये' झाला. जोर नाही तिथे दोघे जसेच्या तसे राहिले. याच साच्यात प्येऽन-सो पण पेन-साऽ-मोस, क्वेऽन-तो पण कोन-ताऽ-मोस. कोणत्या क्रियापदाचा स्वर फुटतो ते मात्र लक्षातच ठेवावं लागतं, कारण कोऽ-मो (मी खाते) फुटत नाही. पण फुटलाच तर तो जोराच्या जागीच फुटणार. आज्ञार्थातही आणि वर्तमानाच्या इच्छार्थी रूपांतही हीच चाल आहे.

वर्तमानातल्या एकवचनी रूपाचा जोर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर कधी जात नाही, हे ध्यानात ठेवलंत तर एक प्रसिद्ध त्रिकूट सुटतं. तेऽर-मि-नो (संज्ञा, किंवा मुदत) हे नाम, पहिल्या सिलॅबलवर रेघ. तेर-मीऽ-नो (मी संपवते) हे वर्तमान, रेघ नाही. तेर-मि-नोऽ (त्याने संपवलं) हा भूतकाळ, शेवटी रेघ. काऽल-कु-लो, काल-कूऽ-लो, काल-कु-लोऽ हीसुद्धा तशीच: हिशेब, मी हिशेब करते, त्याने हिशेब केला. रोज पाच मिनिटं अशी त्रिकुटं मोठ्याने वाचा. टेबलावर प्रत्येक सिलॅबलला बोट टेकवा आणि जोराच्या जागी टिचकी मारा. डोळ्यांनी वाचून हे बसत नाही.

वर्तमानात एक क्रियापद मात्र वेगळं वागतं: 'असणे' या अर्थाचं एस-ताऽर. त्याची रूपं एस-तोऽइ, एस-ताऽस, एस-ताऽ, एस-ताऽन, सगळ्यांचा जोर शेवटी. लॅटिनमध्ये हे क्रियापद 'स्ता'पासूनच सुरू होत होतं. सुरुवातीचा 'ए' स्पॅनिशने उच्चाराच्या सोयीसाठी नंतर लावला आणि त्या नव्या स्वराला जोर मिळालाच नाही. ही रेघ विसरलात तर एऽस-ता होतं, म्हणजे 'ही'.

साध्या भूतकाळात जोर प्रत्ययावर असतो: आ-ब्लेऽ, आ-ब्लाऽस-ते, आ-ब्लोऽ, आ-ब्लाऽ-रोन. 'मी' आणि 'तो' या दोनच रूपांना रेघ, कारण तिथे जोर शेवटच्या स्वरावर येतो. इथे विद्यार्थी एक घाईचा निष्कर्ष काढतात: भूतकाळातलं 'तो' रूप म्हणजे रेघ. मग 'त्याच्याकडे होतं' हे तूऽ-बो असताना तु-बोऽ लिहितात, 'तो म्हणाला' हे दीऽ-खो असताना दि-खोऽ. ही बळकट भूतकाळी क्रियापदं, आणि 'मी' व 'तो' रूपांत यांचा जोर धातूवरच राहतो: तूऽ-बे, तूऽ-बो, ईऽ-से, ईऽ-सो, दीऽ-खे, दीऽ-खो, पूऽ-से, पूऽ-सो, बीऽ-ने, बीऽ-नो. रेघ एकालाही नाही. ओळखायची खूण अशी की 'मी' रूप 'ए'ने संपतं, तो 'ए' बिनजोराचा असतो, आणि धातू मूळ रूपापेक्षा बदललेला असतो. म्हणून 'मी' रूप मोठ्याने म्हणून पाहा. शेवटी जोर आला तर 'तो' रूपालाही शेवटी येईल, रेघ द्या. धातूवर आला तर दोन्हींना रेघ नाही.

अपूर्ण भूतकाळात जोर सगळ्या रूपांत एकाच स्वरावर खिळलेला असतो: आ-ब्लाऽ-बा, आ-ब्लाऽ-बास, आ-ब्लाऽ-बा-मोस, आ-ब्लाऽ-बान. 'आम्ही' रूपात एक सिलॅबल वाढतो, जोर शेवटून तिसऱ्यावर पडतो आणि म्हणून त्या एकाच रूपाला रेघ. लॅटिनमध्ये इथे जोर एक सिलॅबल पुढे होता. इटालियनने तो तसाच ठेवला. स्पॅनिशने आणि पोर्तुगीजनेही बाकीच्या रूपांशी जुळवून घेत तो मागे ओढला. हीच ओढ आजही चालू आहे. लॅटिन अमेरिकेतल्या ग्रामीण बोलीत 'आपण शकू' या इच्छार्थी रूपाला पो-दाऽ-मोस ऐवजी प्वेऽ-दा-मोस ऐकू येतं. जोर मागे खेचला आणि खेचल्याबरोबर स्वर फुटला. परीक्षेत हे चूक धरतील, पण भाषेच्या आतलं यंत्र असं उघडं दिसतं तेव्हा मला फार आनंद होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गटाच्या ('एर' आणि 'ईर'ने संपणाऱ्या) नियमित क्रियापदांना या काळात सर्वत्र 'ईऽ-आ' येतो, म्हणून रेघही सर्वत्र. संकेतार्थाचं तेच: आ-ब्ला-रीऽ-आ.

भविष्यकाळात जोर 'र'च्या पुढे: आ-ब्ला-रेऽ, आ-ब्ला-राऽस, आ-ब्ला-राऽ, आ-ब्ला-रेऽ-मोस, आ-ब्ला-रेऽइस, आ-ब्ला-राऽन. 'रेमोस' सोडून सगळ्यांना रेघ. हा काळ मूळचा एक शब्दच नव्हता. क्रियापदाचं मूळ रूप आणि त्यामागे 'माझ्याकडे आहे' या अर्थाचं साहाय्यक क्रियापद असे दोन शब्द होते, आणि जोर त्या मागच्या शब्दाचा आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोघांच्या मध्ये सर्वनाम घुसत असे. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते आजही घुसतं, त्यामुळे गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना हा सांधा लगेच दिसतो. भविष्याशी गोंधळ होतो तो आ-ब्लाऽ-रा या इच्छार्थी रूपाचा. 'उद्या तो बोलेल' यात आ-ब्ला-राऽ. 'तो बोलला असता तर किती बरं' यात ओ-खा-लाऽ आ-ब्लाऽ-रा. अक्षरं तीच, फक्त जोर सरकतो.

'इआर' आणि 'उआर'ने संपणाऱ्या क्रियापदांना वेगळा वेळ द्या. 'बदलणे' काऽम-ब्यो, पण 'पाठवणे' एन-बीऽ-ओ. 'उआर'चा नियम बराच पक्का आहे: त्याआधी 'क' किंवा 'ग'चा उच्चार असेल तर स्वर मिसळतो, आ-बे-रीऽ-ग्वो, नाहीतर फुटतो, कोन-ति-नूऽ-ओ, आक-तूऽ-ओ. 'क' असलेल्या काहींना आता दोन्ही रूपं मान्य आहेत. 'इआर'ला मात्र असा नियम नाही. संबंधित नामावरून अंदाज बांधता येतो: गीऽ-आ (मार्गदर्शक) म्हणून गीऽ-ओ, एस-तूऽ-द्यो (अभ्यास) म्हणून एस-तूऽ-द्यो. पण 'विस्तृत' हे विशेषण आऽम-प्ल्यो असून 'मी वाढवते' आम-प्लीऽ-ओ होतं. म्हणून अशा क्रियापदांचं मूळ रूप एकटं पाठ करू नका, 'मी' रूपासकट करा.

पुस्तक जुनं असेल तर एक काळजी घ्या. अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड व्याकरणं मिळतात, त्यांत आताच्या नियमांत नसलेल्या रेघा सापडतील. फ्वे, फ्वी, द्यो, ब्यो यांच्यावर पूर्वी रेघ असे. 1952 साली स्पॅनिश अकादमीने नवे नियम काढले, ते 1959 पासून सक्तीचे झाले आणि त्या रेघा गेल्या. 2010 च्या शुद्धलेखन-नियमांत 'तो हसला', 'मी पळाले', 'त्याने वाट दाखवली' या रूपांच्याही रेघा गेल्या, कारण लेखनापुरती ती एकाच सिलॅबलची धरली जातात, मग बोलणारा ती दोन सिलॅबलांत का उच्चारेना. सेऽ (मला माहीत आहे) आणि देऽ (द्यावं) यांच्या रेघा मात्र कायम आहेत, त्याच अक्षरांच्या दुसऱ्या छोट्या शब्दांपासून वेगळं दाखवण्यासाठी.

आता क्वेन्तामे आणि कोन्तामे. सर्वनाम क्रियापदाच्या मागे चिकटलं तरी प्रमाण भाषेत जोर जागचा हलत नाही, फक्त शब्द लांबतो. दाऽ-मे (मला दे) ला रेघ नाही. दाऽ-मे-लो (मला ते दे) यात जोर शेवटून तिसरा झाला, म्हणून रेघ. कोम-प्राऽन-दो बिनरेघेचं, कोम-प्राऽन-दो-लो रेघेचं. तुमच्या पुस्तकातलं रूप स्पेनच्या किंवा मेक्सिकोच्या 'तू'चं आहे: क्वेऽन-ता, म्हणून क्वेऽन-ता-मे, रेघेसह. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' आहे आणि त्याच्या वर्तमान व आज्ञार्थी रूपांचा जोर प्रत्ययावर येतो: आ-ब्लाऽस, को-मेऽस, पो-देऽस. धातूवर जोर नाही, म्हणून स्वर फुटत नाही आणि प्वेऽ-देसचं पो-देऽस होतं. आज्ञार्थ कोन-ताऽ, शेवटी रेघ. त्याला 'मे' लागला की कोन-ताऽ-मे: जोर तिथेच, पण आता तो शेवटून दुसरा झाला आणि शब्द स्वराने संपतो, म्हणून रेघ गळते. दे-सीऽ आणि दे-सीऽ-मे (सांग, मला सांग) यांचंही तसंच. स्येऽन-ता-ते आणि सेन-ताऽ-ते (बस) ही जोडीसुद्धा याच साच्यातली.

दोन्ही रूपं बरोबर आहेत. बाईंकडून ऐकताना 'बोस'ची रूपं ओळखायला शिका, हवं तर बोलायलाही. देले या स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्र परीक्षेत कोणत्याही देशातली सुशिक्षितांची प्रमाण भाषा चालते. फक्त एकाच उत्तरात प्वेऽ-देस आणि पो-देऽस अशी सरमिसळ करू नका.